आईच्या वहीतल्या रेघा आणि डोंगराचा हिशेब

कुळागर (धागा सुरू करणारी)

आमच्या पडवीतून गोव्यातल्या डिचोलीकडे जाणारा रस्ता दिसतो. २००९ च्या सुमारास त्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक इतके वाढले की शाळेच्या पोरांना पलीकडे पोचवायला रोज कुणीतरी मोठं माणूस लागायचं. तेव्हा आईने दुधाच्या हिशेबाची अर्धी कोरी वही काढली आणि भरलेला ट्रक गेला की एक रेघ, असं सुरू केलं. चार उभ्या, पाचवी आडवी. रिकामा परत आला तर रेघ नाही. वर ताडपत्री नसेल तर रेघेच्या डोक्यावर टिंब. दुपारी ती जेवायला आत गेली की पडवीत आजी बसायची. वहीच्या कडा अजून तांबड्या आहेत, झटकलं तरी ती धूळ जात नाही.

तिला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "दुधाचा हिशेब ठेवतो, डोंगराचा नको?"

पावसाळ्यात आमच्याकडे खाणी तशाही बंद असतात, त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये वही मिटायची आणि ऑक्टोबरात उघडायची. २०१२ साली ती उघडलीच नाही. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबरला संसदेत मांडला गेला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद ठेवण्याचा आदेश दिला. शहा आयोगाने ३४,९३५ कोटींच्या नुकसानीचा अंदाज दिला होता. त्या आकड्यावर खूप वाद झाले. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आली ती गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर, २१ एप्रिल २०१४ च्या निकालात.

पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये, म्हणजे मुदतीच्या खाणपट्ट्यांत, बदलल्या, त्याही १९६१ पासून मागे लागू करून. न्यायालयाने तारखांचा हिशेब केला आणि सांगितलं की या सगळ्या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपलेली आहे. त्यानंतर काढलेला माल बेकायदा.

मी ते वाचलं आणि आईची वही काढून बसले. तिची पहिली रेघ २००९ ची आहे. म्हणजे वहीतली एकूण एक रेघ बेकायदा मालाची. एका टिपरात साधारण १० टन धरा. पानं उलटत गेले तसा हात थांबला, पुढे बेरीज करवेना.

आता माझी मूळ गोष्ट. मी माहिती अधिकारात एका सरकारी कार्यालयात तीन प्रश्न विचारले होते. आमच्या पंचायत क्षेत्रातून कुठल्या वर्षी किती टन माल गेला? त्यावर रॉयल्टी, म्हणजे माल काढल्याबद्दल सरकारला भरायची रक्कम, किती जमा झाली? आणि आमच्या गावावर त्यातले किती खर्च झाले? उत्तर आलं, माहिती "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही". पहिलं अपील केलं, तेव्हा वाहतूक पासांचे गठ्ठे बसून बघायची परवानगी मिळाली. आई वही घेऊन आली. एका दिवसाच्या पानावर ३८६ रेघा होत्या, त्या तारखेच्या गठ्ठ्यात पास २९१. आता यावरून चोरी सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पलीकडच्या पंचायतीतला मालही त्याच रस्त्याने येत असेल, त्याचे पास दुसऱ्या गठ्ठ्यात असतील. पण हे सांगायला तिथे कुणीच तयार नव्हतं. टेबलामागच्या बाईंनी वही हातात घेतली, दोन पानं चाळली आणि हळूच परत दिली. "आजी, हे तुम्ही एकट्यांनी केलं?" एवढंच म्हणाल्या.

२०१४ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती जी गावात फार थोड्यांना माहीत आहे. लिलावात विकलेल्या खनिजाच्या रकमेतले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. गोंयची माती चळवळ हेच सांगत आली आहे: खनिज हे उत्पन्न नाही, ती वडिलोपार्जित ठेव आहे. घरातलं सोनं विकून महिन्याचा किराणा भरला तर त्याला कुणी कमाई म्हणत नाही.

२०१२ नंतर काय झालं तेही सांगते. २०१४-१५ मध्ये ८८ लीजांचं पुन्हा नूतनीकरण झालं. १२ जानेवारी २०१५ ला केंद्राचा वटहुकूम आला, की यापुढे लीज लिलावानेच द्यायची. त्याच्या आधीच्या दिवसांत इथे नूतनीकरणाच्या फायली झपाट्याने निघाल्या, काही तर त्याच तारखेच्या. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी नूतनीकरणं रद्द केली. २०२२ च्या डिसेंबरपासून खाणींच्या ब्लॉकांचे लिलाव सुरू झाले. आता आमच्या भागात पुन्हा ट्रक दिसतात आणि आईने पुन्हा वही काढली आहे. नजर कमी झाली आहे, त्यामुळे नातू ओरडतो आणि ती रेघ मारते.

तर माझा प्रश्न. किती माल गेला, किती पैसे आले, ते कुठे खर्च झाले, हे तीन आकडे दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत, असा ठराव आणायचा आहे. कुणी आपल्या गावात असं काही केलं आहे का?

---

सीताबर्डी

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

तुमच्या तीन आकड्यांत एक चौथा घाला: प्रत. म्हणजे मालात लोह किती टक्के. मी नागपूरला अनेक वर्षं याच विषयाभोवती नोकरी केली, म्हणून सांगतो. २००९ पर्यंत लोहखनिजावर रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती. चीनमध्ये भाव कितीही चढो, सरकारच्या पदरात तेच मोजके रुपये. २००९ च्या ऑगस्टपासून ती किमतीच्या १० टक्के झाली, २०१४ च्या सप्टेंबरपासून १५ टक्के. ही किंमत कुठली? आमच्या नागपूरचा भारतीय खाण ब्यूरो दर महिन्याला राज्यवार आणि प्रतवार सरासरी विक्री किंमत जाहीर करतो, ती. संकेतस्थळावर कुणालाही बघता येते.

म्हणजे ट्रकांची संख्या बरोबर असली, टनही बरोबर असले, तरी कागदावर प्रत एक पायरी खाली दाखवली की रॉयल्टी खाली येते. समजा एका प्रतीचा भाव ३,००० आहे आणि खालच्या प्रतीचा २,००० आहे. टनामागे ४५० च्या जागी ३०० भरले की झालं. रस्त्यावर उभं राहून हे दिसणार नाही. त्यामुळे अर्जात प्रयोगशाळेच्या पृथक्करण अहवालाच्या प्रती मागा आणि नमुना कुणी घेतला, कुठे घेतला, हेही विचारा. लिलावात गेलेल्या ब्लॉकांचा प्रीमियमही, म्हणजे बोलीत कबूल केलेला जादा हिस्साही, याच जाहीर किमतीवर मोजतात, त्यामुळे प्रत चुकली की तिथेही गळती.

---

कुडचडे_टिपर

मी हे सगळं वाचलं. राग आला, पण आधी माझी बाजू ऐका.

माझ्याकडे दोन ट्रक होते. पहिला वडिलांचा. दुसरा मी २००८ मध्ये बँकेचं कर्ज काढून घेतला, कारण तेव्हा माल उचलायला गाड्या कमी पडत होत्या आणि पात्रांव (खाणमालक) स्वतः सांगत होते की गाडी घे, काम कायम आहे. २०१२ ला एका दिवसात सगळं थांबलं. पहिला ट्रक मोडीत घातला. दुसरा तीन वर्षं अंगणात उभा होता, टायरांतून गवत आलं. सरकारने कर्जसवलतीची योजना आणली, थोडा आधार झाला, पण ड्रायव्हर आणि क्लीनर? माझा ड्रायव्हर कर्नाटकातला, तो गेला तो परत आला नाही. गॅरेजवाला, टायरवाला, चहाची गाडी, सगळी ओळ बसली. रेघा मारणाऱ्यांना एक ट्रक म्हणजे एक रेघ. आमच्या घरात ती चूल होती.

आता तुमचं ते २२ नोव्हेंबर २००७ वाचून मी काल रात्रभर जागा आहे. मी कर्ज काढलं त्याच्या आधीच लीज संपली होती? मग मला हे कुणी का सांगितलं नाही? बँकेने गाडीचे सगळे कागद बघितले, माझ्या घराचे बघितले. ज्या खाणीच्या जिवावर मी हप्ते भरणार होतो, तिचा कागद ना त्यांनी बघितला ना मी. ती तारीख तेव्हा पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असती तर मी दुसरी गाडी घेतली नसती. ठराव आणताय तर लीजची मुदत केव्हा संपते हे पहिल्या ओळीत घाला.

खाणी बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि होणार नाही.

---

सोनशीजवळचा

कुडचडे_टिपर दादा, तुमचं दुःख खरं आहे. आमचंही ऐका. २०१७ च्या एप्रिलमध्ये सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाणी यासाठी ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, त्यात बायका होत्या. जामिनाचे पैसे कुठून आणायचे म्हणून ते आत राहिले. मागत काय होते? रस्त्यावर पाणी मारा, नळाला पाणी द्या आणि हवेचं मोजमाप आम्हाला दाखवा. घरातल्या ताटावर तांबडा थर बसायचा, जेवण वाढेपर्यंत ताट पालथं ठेवायचे लोक.

---

धानोरा_रस्ता

आमच्या गडचिरोलीत फळ्याची गोष्ट जुनी आहे, फक्त लोखंडाची नाही, बांबूची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरवर. पण हक्क मिळूनही बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागत होता. गावाने ते मान्य केलं नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या पुस्तकाची किंमत बाहेरच्या माणसाला कळणार नाही. गाडी गावाच्या सहीशिवाय हलत नाही, म्हणजे किती माल गेला हे गावाला विचारायला कुठल्या कार्यालयात जावं लागत नाही.

मी अशाच एका ग्रामसभेच्या हिशेबाला बसलो आहे. एक पोरगा मोठ्याने वाचतो: बंडल इतके, दर इतका, मजुरी इतकी, बँकेत इतके. मध्येच एक म्हातारी उठते, "त्या दिवशी माझे बारा बंडल होते, तू अकरा वाचले." वही तपासतात. बारा निघतात. सभा पुढे सरकते. कुणी तिला गप्प बस म्हणत नाही.

पण त्याच जिल्ह्यात लोहखनिजाचं बोलणं निघालं की चित्र उलटं. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यात गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम असं) लीजआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे, लोहखनिज मात्र प्रमुख खनिज, त्याला ते कलम लागत नाही. बांबूच्या एका बंडलाचा हिशेब मागू शकणारी ती म्हातारी डोंगराचा हिशेब मागायला गेली तर तिचा कागद कुठल्या टेबलावर द्यायचा हेच तिला कुणी सांगत नाही.

ओडिशात नियमगिरी डोंगरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय ग्रामसभांवर सोपवला होता, वनहक्क कायद्याच्या आधारे. १२ गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. ती वाट आहे, पण तिथपर्यंत पोचायला तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींना किती वर्षं लागली ते विसरू नका.

---

उत्तरेकडून

मी नॉर्वेत स्टाव्हांगरला असतो, तेलाच्या क्षेत्रात. इथे १९६९ मध्ये समुद्रात मोठा तेलसाठा सापडला, १९९० मध्ये निधीचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. आज त्या निधीची किंमत संकेतस्थळावर क्षणाक्षणाला बदलताना दिसते. माझ्या मुलीच्या वर्गात शिक्षिकेने तो आकडा पडद्यावर दाखवला आणि मुलांना विचारलं, हा कुणाचा? मुलं म्हणाली, आमचा. मी तिथे पालक म्हणून बसलो होतो, आणि मला माझं सांग्यातलं आजोळ आठवलं.

खाण आणि तेल कंपन्या किती पैसे भरतात आणि सरकार किती मिळाले म्हणतं, हे दोन्ही आकडे समोरासमोर ठेवण्याचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्याचं सचिवालय ऑस्लोत आहे. त्यात सरकार, कंपन्या आणि नागरी संघटना एकाच टेबलावर बसतात. नायजेरियाने तर २००७ मध्ये त्यासाठी कायदा केला. भारत त्यात नाही. आपल्या संघटनांनी ही मागणीही लावून धरायला हवी.

---

अर्जदार

थोडं कामाचं बोलतो.

महाराष्ट्रातून माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: इथल्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. तीन प्रश्न एकत्र घातले की परत येतो. वेगवेगळे तीन अर्ज टाका. आणि "का" विचारू नका, कागद मागा. 'रॉयल्टी कमी का भरली' याला उत्तर मिळत नाही, 'अमुक महिन्याच्या चलनांच्या प्रती' याला मिळतं.

दुसरं, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुन्या लीजवाल्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या लीजवाल्यांना १० टक्के इतकी रक्कम वर भरावी लागते, खाणबाधित भागासाठी. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान ६० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर घालायला सांगितलं होतं. मंजूर कामांची यादी मागा आणि मग ती घेऊन गावोगाव फिरा. मी एका यादीतली पाण्याची टाकी शोधत अख्खा दिवस हिंडलो आहे. मिळाली शेवटी, पण खाणीपासून इतक्या लांबच्या गावात की तिथल्या लोकांनी कधी धूळ पाहिली नव्हती.

तिसरं, जनसुनावणी. खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी ती होते; २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ३० दिवसांची सूचना लागते, पण सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून जायलाच हवं. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक बोलून होतात आणि बस पकडायला निघतात, तिथेच घात होतो. वाचन होईपर्यंत थांबा, आपला मुद्दा आला नसेल तर तिथेच उभं राहून सांगा. पर्यावरण परिणामाच्या अहवालाचा फक्त सारांश मराठीत मिळतो, मुख्य अहवाल इंग्रजीत. गावातल्या कॉलेजच्या पोरांना आठवडाभर आधी बसवा आणि त्यातली पाण्याची आणि वाहतुकीची प्रकरणं वाचून घ्या. विहिरींची संख्या कमी दाखवलेली हमखास सापडते.

---

तिलारीकाठ

दोडामार्गहून. आमच्या कळण्याच्या खाणीचा बांध २०२१ च्या जुलैत फुटला आणि गढूळ लाल पाणी बागायतीत, घरांत शिरलं. सुपारीच्या मुळाशी बसलेला चिखल मी हाताने काढला आहे. तो वाळला की सिमेंटसारखा होतो, कुदळीने सुद्धा निघत नाही.

पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल सरकारला २०११ मध्ये मिळाला होता. त्यात आमच्या सिंधुदुर्गातल्या खाणींबद्दल गंभीर इशारे होते. पण अहवाल लोकांना दाखवलाच नाही. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितला, नाही म्हणाले. २०१२ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो जाहीर करायचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, तेव्हा कुठे मे महिन्यात तो संकेतस्थळावर आला. आमच्याच डोंगराबद्दल लिहिलेला कागद, आणि तो वाचायला आम्हाला कोर्टापर्यंतची लढाई दुसऱ्या राज्यातल्या माणसाने जिंकून द्यावी लागली. त्या माणसाचे आम्ही कायमचे ऋणी आहोत.

---

आबोली

केपे तालुक्यातल्या कावरेंच्या लोकांचाही उल्लेख व्हायला हवा. खाण चालवायचीच असेल तर ती आमची सहकारी संस्था चालवील, असं त्या आदिवासी गावाने म्हटलं. हिशेब मागण्याच्या पुढची पायरी आहे ती.

---

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. सीताबर्डीकाका, प्रतीचा मुद्दा मला अजिबात माहीत नव्हता, ठरावात घातला. कुडचडे_टिपर दादा, तुमची ओळ पहिली घातली आहे, तुमच्याच शब्दांत: लीजची मुदत केव्हा संपते. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ट्रकवाल्यांवर माझा राग कधीच नव्हता, उन्हात थांबायचे तेव्हा मी त्यांना पाणी द्यायचे. मला ते आठवतं, तांब्या घेऊन ती कुंपणापर्यंत जायची.

---

कुळागर (तीन आठवड्यांनी)

रविवारी ग्रामसभा झाली. हॉल भरला होता, खाणीवर काम करणारेही आले होते आणि सुरुवातीला आवाज चढले. मी ठराव वाचला. लीजची तारीख ऐकल्यावर मागच्या बाकावरचे दोन ट्रकवाले उठून पुढे येऊन बसले. टन आणि मुदत फळ्यावर लावायला कुणाचा विरोध झाला नाही. प्रतीवर सचिव म्हणाले, हे आमच्या अखत्यारीत येत नाही. जमा-खर्चाच्या आकड्यावर चर्चा लांबली आणि वेळ संपला.

अर्जदार, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही पंधरा-वीस जण इतिवृत्त वाचेपर्यंत थांबलो. त्यात दोनच आकडे होते. चारही लिहून घ्यायला लावले, पुढचे दोन "विचाराधीन" म्हणून. पुढच्या सभेत तेच दोन पुन्हा मांडायचे आहेत.

वहीची सगळी पानं पुतण्याने मोबाईलवर फोटो काढून ठेवली आहेत, एकशे अठरा आहेत. शेजारच्या पंचायतींतल्या कुणाला आपल्या रस्त्याच्या नोंदींशी ताडून बघायची असतील तर मला निरोप टाका. आणि कुणाकडे त्या काळातले जेटीवर किंवा वजनकाट्यावर मिळालेले जुने पास पडून असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका.